आधी वेळापत्रक, मग रूळ

जंक्शनवाला

प्रादेशिक वाहतूक आराखडा जाहीर झाला की सगळे आधी नकाशा उघडतात. लाल रेघ कुठून गेली, निळी कुठून, आपल्या घरापासून किती लांब. त्या रेघांवरून भांडणं होतात, निवेदनं दिली जातात, रेघा थोड्याफार सरकतात आणि आराखडा मंजूर होतो. त्या रेघेवरून दर किती मिनिटांनी गाडी धावणार, ती थांबेल तिथे पुढची बस उभी असेल का, रात्रीची शेवटची फेरी कितीला, यातलं काहीच त्या जाडजूड अहवालात सापडत नाही. विचारलं तर 'ते गाड्या सुरू झाल्यावर ठरेल'.

माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. पंधरा वर्षांनी या प्रदेशात सकाळी आठला, भर दुपारी दोनला आणि रात्री साडेदहाला कुठून कुठे किती वेळात पोचता यायला हवं, ते आधी लिहून काढा. म्हणजे वेळापत्रक काढा. मग त्यासाठी कुठे नवे रूळ लागतात, कुठे फलाट वाढवावा लागतो आणि कुठे रस्त्यावर बससाठी नुसता पट्टा मारून भागतं ते बघा.

स्वित्झर्लंडने हेच केलं. १९८२ साली त्यांनी देशभर ठरावीक मिनिटाला, दर तासाला गाडी सोडायला सुरुवात केली. १९८७ मध्ये 'बान २०००' ही पुढची योजना मतदानाला टाकली आणि लोकांनी ती मंजूर केली. कल्पना अशी की मोठ्या जंक्शनांवर सगळ्या दिशांच्या गाड्या तासाचा ठोका पडायच्या जरा आधी येतात, माणसं या फलाटावरून त्या फलाटावर जातात आणि ठोका पडून गेला की सगळ्या गाड्या सुटतात. हे जमायचं तर दोन जंक्शनांमधला प्रवास तासाभराच्या किंचित आत बसला पाहिजे. झुरिक ते बर्न जायला तासाहून जास्त लागत होता. म्हणून मॅटस्टेटन ते रोथ्रिस्ट असा सुमारे ४५ किलोमीटरचा नवा मार्ग टाकला, तो २००४ च्या डिसेंबरात सुरू झाला आणि प्रवास ५६ मिनिटांवर आला. आणखी वेगाचा हट्ट कुणी धरला नाही. कारण आणखी लवकर पोचून करायचं काय, तर पुढच्या गाडीची वाट बघायची!

आता इकडचं सांगतो. मी उतरतो त्या स्थानकावर रात्री ९:५८ ला गाडी येते. स्थानकाबाहेरून आमच्या बाजूची बस ९:५५ ला सुटते, त्यानंतरची १०:४० ला. पादचारी पुलाच्या पायऱ्या उतरेपर्यंत ती बस वळणापलीकडे गेलेली असते. गाडी वेळेवर आलेली असते आणि बसही वेळेवर सुटलेली असते, त्यामुळे दोन्ही संस्थांच्या वक्तशीरपणाच्या तक्त्यात काही बिघाड नाही. माणसं मात्र तिथे पाऊण तास उभी. यावर कुठला नवा मार्ग नको, पूल नको, पाच मिनिटांचा फरक हवा. तो करण्याचा अधिकार कुणाकडे आहे, हेच कुणाला सांगता येत नाही.

म्हणून माझी सूचना एवढीच. अख्ख्या प्रदेशाचं वेळापत्रक आणि भाडं एका ठिकाणी ठरावं. बस कुणीही चालवो. हॅम्बुर्गने १९६५ मध्ये असा वाहतूक संघ स्थापन केला, तो जगातला पहिला मानतात. आपल्याकडेही २०१७ च्या मेट्रो रेल्वे धोरणात एकात्मिक महानगर वाहतूक प्राधिकरणाची अट आहे. पण त्या प्राधिकरणाच्या हातात वेळापत्रक नाही, तिकिटाचा पैसा नाही आणि नाही म्हणायची ताकद नाही, असं असेल तर ती फक्त आणखी एक बैठक.

विरोधी मतं वाचायला आवडतील.

आगारातून

विरोधी मत घ्या मग. आयुष्य बसची वेळापत्रकं लावण्यात गेलं आहे.

स्विस गोष्ट ऐकायला छान आहे, पण ती रुळांवरची आहे. रुळावर दुसरं कुणी आडवं येत नाही. माझी बस सिग्नल, खोदकाम, दुहेरी पार्किंग आणि चौकात तिरप्या घुसलेल्या टेम्पोमधून जाते. तिला तुम्ही 'ठोका पडायच्या आत ये' म्हणून सांगणार?

हिशेब दाखवतो. मार्ग एका बाजूला ५० मिनिटांचा. दोन्ही टोकांना चालकाला १०-१० मिनिटं थांबा. म्हणजे पूर्ण फेरा १२० मिनिटांचा. दर १० मिनिटांनी बस द्यायची तर १२ बस लागतात. आता कोंडी वाढली, ५० ची ६५ मिनिटं झाली. फेरा १५० मिनिटांवर गेला. त्याच १० मिनिटांसाठी आता १५ बस. तीन बस आणि त्यांचे चालक-वाहक वाढले, प्रवासी एकही वाढला नाही. आणि तीन बस मिळाल्या नाहीत, ज्या मिळत नाहीतच, तर फेरी साडेबारा मिनिटांवर जाते. वरून विचारणा येते की फेऱ्या का घटल्या.

यात भर बस एकामागोमाग येण्याची. एक बस जरा उशिरा झाली की पुढच्या थांब्यावर तिच्यासाठी जास्त माणसं साठलेली असतात. ती चढेपर्यंत आणखी उशीर. मागच्या बसला माणसंच उरत नाहीत, ती पळत येऊन हिला गाठते. मग दोन्ही जोडीने फिरतात. कागदावर तासाला सहा बस आहेतच. पण दर १० मिनिटांनी एक यायच्या ऐवजी दर २० मिनिटांनी दोन एकदम आल्या तर थांब्यावरच्या माणसाची सरासरी वाट ५ वरून १० मिनिटांवर जाते. हे कुठल्या वेळापत्रकाने सुटणार?

बसला स्वतःचा पट्टा द्या, चौकात सिग्नलला अग्रक्रम द्या आणि फेऱ्या दाट करा. दर सात-आठ मिनिटांनी बस असेल तर वेळापत्रक लागतच नाही, माणूस थांब्यावर येतो आणि चढतो. मेळ घालत बसायची गरजच राहत नाही.

आकडेमोड

आगारातून यांना पूर्ण पाठिंबा. धागाकर्ता गाड्यांचा मेळ घालतोय, पण मेळ ही फेऱ्या कमी असण्यावरची मलमपट्टी आहे. फेऱ्या दाट असल्या की सगळे मेळ आपोआप बसतात.

हर्बर्ट मोरिंग या अर्थतज्ज्ञाने १९७२ मध्ये हेच मांडलं. प्रवासी वाढले की फेऱ्या वाढतात, फेऱ्या वाढल्या की प्रत्येकाचा वाट बघण्याचा वेळ घटतो. म्हणजे नवा प्रवासी जुन्या प्रवाशाचा फायदा करून देतो. रस्त्यावर नेमकं उलट, तिथे नवी मोटार आधीच्या सगळ्यांचं नुकसान करते. सार्वजनिक वाहतुकीला अनुदान का द्यावं, याचं सगळ्यात सरळ उत्तर हे आहे. भावनिक काही नाही त्यात.

आता अवघड भाग, ज्याला कुणी हात लावत नाही. दाट फेऱ्यांसाठी बस येणार कुठून? रिकाम्या फिरणाऱ्या मार्गांवरून. ह्यूस्टन शहराने २०१५ च्या ऑगस्टमध्ये एका रात्रीत अख्खं बसचं जाळं बदललं. त्याआधी तिथल्या संचालक मंडळाला एक प्रश्न विचारला होता: पैसा किती भाग जास्तीत जास्त प्रवासी मिळवायला वापरायचा आणि किती भाग सगळीकडे थोडीथोडी बस पोचवायला? उत्तर आलं ८० आणि २०. चूक की बरोबर ते सोडा, पण कुणीतरी आकडा बोललं. आपल्याकडे प्रत्येक लोकप्रतिनिधीला आपल्या वाडीत बस हवी आणि मुख्य रस्त्यावर ती दर पाच मिनिटांनीही हवी. दोन्ही एकाच पैशात होत नाही. दिवसातून तीन फेऱ्या, प्रत्येकीत चार माणसं, असे मार्ग बंद करा आणि त्या बस गर्दीच्या मार्गावर आणा. प्रवासी वाढतील, उत्पन्न वाढेल, मग बघू वाड्यांचं.

शेवटचा थांबा

त्या चार माणसांपैकी मी एक. नमस्कार.

आकडेमोड दादा, तुमचा आकडा कुठल्या फेरीचा आहे? आमच्याकडे सकाळची बस जाताना भरलेली असते, टोकाला येताना रिकामी. संध्याकाळी उलट. कुणीतरी रिकाम्या बाजूला उभं राहून माणसं मोजतं आणि 'फेरी तोट्यात' लिहितं. जी बस शहराकडे माणसं घेऊन गेली तिला परत यावं लागणारच ना? की तिथेच ठेवायची?

दुसरी गोष्ट. तीन वर्षांपूर्वी आमची रात्रीची शेवटची फेरी बंद केली, कारण तिच्यात पाच-सहा माणसं असायची. पुढच्या महिन्यात सकाळच्या फेरीतली माणसं कमी झाली. का? तर रात्री परतीची खात्री नसेल तर सकाळी बसने जाणार कोण! शिवणकामाला जाणाऱ्या आमच्या दोघी-तिघींनी कामच सोडलं, कॉलेजच्या मुलांनी घरच्यांना दुचाकी घ्यायला लावली. मग सकाळची फेरीही तोट्यात आली आणि तीही गेली. एकेका फेरीची माणसं वेगळी मोजून चालत नाही हो. रात्रीच्या त्या बसमधली सहा माणसं म्हणजे फक्त सहा नव्हेत. 'उशीर झाला तरी बस आहे' म्हणून सकाळी निर्धास्त निघालेली पंचवीस माणसं तिच्या जिवावर होती.

८० आणि २० मधल्या २० मध्ये म्हातारी माणसं, शाळेच्या मुली, डायलिसिसला जाणारे असतात. त्यांना मोटार चालवता येत नाही किंवा परवडत नाही. बाकीचे ८० हौसेने दुचाकीवर जाऊ शकतात, नाही का?

आकडेमोड

ताई, परतीच्या फेरीचा मुद्दा मान्यच आहे, मोजणी पूर्ण फेऱ्याची हवी. पण डायलिसिससाठी आख्खी ४० आसनांची बस तीनदा फिरवण्यापेक्षा रुग्णांना थेट गाडी देणं स्वस्त आणि जास्त सोयीचं. ती समाजकल्याणाची गरज आहे, ती त्या खात्याच्या पैशातून भागवा. बस कंपनीच्या तोट्यात लपवू नका. लपवली की दरवर्षी तोट्याच्या नावाने बोंब होते आणि मार खातो तो गर्दीचा मार्ग.

उद्याचं बघा

तुम्ही सगळे चाळीस वर्षं जुन्या चौकटीत वाद घालताय. ठरावीक मार्ग, ठरावीक वेळ कशाला? ॲपवर बोलवा, छोटी व्हॅन येते, वाटेत तीन-चार जणांना घेते. शेवटचा थांबा यांचा प्रश्न सुटला आणि आकडेमोड यांच्या बसही मोकळ्या झाल्या.

आगारातून

हेलसिंकीमध्ये केलं होतं हे, 'कुट्सुप्लुस' नावाने. २०१२ मध्ये सुरू, २०१५ अखेर बंद. छान चालायचं, लोकांना आवडायचं. पण गाड्या होत्या १५ आणि प्रत्येक प्रवासामागे अनुदान इतकं लागायचं की वाढवायची हिंमत झाली नाही. कारण साधं आहे. चालकाला तुम्ही तासाचा पगार देता. त्या तासात तो किती माणसं नेतो यावर सगळा हिशेब. दारोदार वळणं घेत जाणारी व्हॅन तासाला मोजकीच माणसं नेणार, ॲप कितीही हुशार असो. बस स्वस्त पडते याचं कारण माणसं चालत एका जागी येऊन थांबतात.

अगदी तुरळक वस्तीत, आठवड्याच्या ठरावीक दिवशी, आगाऊ नोंदणी करून चालेल. सगळ्यावर उपाय म्हणून विकू नका.

सरळ रस्ता

बसपट्टा, बसपट्टा ऐकून कंटाळा आला. दिल्लीत केला होता की, आंबेडकर नगर ते मूलचंद. २००८ मध्ये आणला, २०१६ मध्ये उखडला. मोटारवाल्यांचे हाल, बसवाल्यांनाही रस्त्याच्या मधोमध जीव मुठीत धरून जायचं. रस्ता सगळ्यांचा आहे. तिथे आणखी एक पट्टा कापून नेण्यापेक्षा मेट्रो करा, ती कुणाच्या वाटेत येत नाही.

आगारातून

५.८ किलोमीटरचा तुकडा होता तो. सुरुवातीला पट्टा, शेवटी पुन्हा गर्दी. पाणी मध्येच तुंबणार असेल तर नळ मोठा करून काय होणार? आणि त्यानंतर वर्षभराने, २००९ मध्ये, अहमदाबादने बंद दाराची स्थानकं, उंच फलाट अशी व्यवस्था सुरू केली. ती काही उखडली नाही. कोलंबियातल्या बोगोटाची २००० पासून चालू आहे.

'रस्ता सगळ्यांचा' म्हणता ना, मग माणसं मोजून वाटा. एका बसमध्ये साठ, तुमच्या मोटारीत बहुतेक वेळा एक. आणि मेट्रो सुरू झाल्यावर तिच्या स्थानकापर्यंत माणूस कशाने येणार? त्याच कोंडीतल्या बसने किंवा रिक्षाने.

जंक्शनवाला

बरीच चर्चा झाली, एकेक घेतो.

आगारातून, तुम्ही म्हणता तसं दर सात-आठ मिनिटांनी बस असेल तिथे मेळ घालायची गरज नाही, हे मला पूर्ण मान्य आहे. पण महानगर प्रदेश म्हणजे फक्त शहर नव्हे. जिथे दर अर्ध्या तासाने, तासाने बस आहे आणि पुढची कैक वर्षं त्याहून दाट होणारच नाही, तिथे मेळ नसणं म्हणजे बस नसणंच. दहा मिनिटांच्या आतली फ्रिक्वेन्सी असेल तर घड्याळ विसरा. अर्ध्या तासाच्या वर असेल तर घड्याळाशिवाय दुसरं काही नाही. मधल्या पंधरा-वीस मिनिटांच्या पट्ट्यात खरी कसरत आहे. तिथे गाडी बदलायची ठिकाणं कमी ठेवावीत आणि त्या ठिकाणांवर पैसा घालावा: चालायचं अंतर कमी, वर छप्पर, पुढची बस किती मिनिटांत ते दाखवणारा फलक.

मार्ग आणि वेळ ठरवणं एकाचं, बस चालवणं दुसऱ्याचं, असं वेगळं ठेवलं तर काय होतं त्याचं उदाहरण ब्रिटन. २६ ऑक्टोबर १९८६ पासून लंडन सोडून बाकी ग्रेट ब्रिटनमध्ये बस खुल्या केल्या. कंपनीने वाटेल तो मार्ग, वाटेल त्या वेळी चालवावा, न परवडला तर सोडावा. लंडनमध्ये मात्र मार्ग सरकारी यंत्रणाच ठरवते आणि कंपन्या निविदा भरून ते चालवतात. पुढच्या काळात लंडनचे बसप्रवासी वाढले, बाहेरचे घटत गेले. शेवटी ग्रेटर मँचेस्टरने २०२३ च्या सप्टेंबरपासून बस परत आपल्या ताब्यात घ्यायला सुरुवात केली आणि जानेवारी २०२५ मध्ये ते काम पुरं झालं. कंपन्या खासगीच आहेत. ठरवणारा बदलला.

मोफत हवी

एवढी डोकेफोड कशाला? तिकीटच काढून टाका. लक्झेंबर्गने २९ फेब्रुवारी २०२० पासून देशभर सार्वजनिक वाहतूक मोफत केली, रेल्वेचा पहिला वर्ग सोडून. तिकीट नाही, तपासनीस नाही, भाड्याचं एकत्रीकरण नाही, की कार्ड नाही.

आकडेमोड

एस्टोनियाच्या टॅलिन शहराने २०१३ पासून तिथल्या रहिवाशांना मोफत केली. बसमध्ये चढले त्यात आधी चालत जाणारे बरेच होते, मोटारवाले फारसे हलले नाहीत. फ्रान्समधल्या डंकर्कने २०१८ मध्ये मोफत केली तेव्हा प्रवासी खूप वाढले, पण त्यांनी त्याच वेळी मार्गही नव्याने आखले होते. तेव्हा श्रेय कुणाला द्यायचं?

ज्याच्याकडे बसच येत नाही त्याला मोफत तिकिटाचा उपयोग शून्य. जर्मनीने मे २०२३ पासून, सुरुवातीला ४९ युरोत, महिनाभर देशभरच्या स्थानिक गाड्या खुल्या केल्या. शहरातल्या माणसाची चंगळ, आणि खेड्यात दिवसाला दोन बस होत्या त्या दोनच राहिल्या. इथे मी चक्क शेवटचा थांबा ताईंच्या बाजूने बोलतोय, नोंद घ्यावी.

शेवटचा थांबा

नोंद घेतली. तारीखही लिहून ठेवते.

वेशीपलीकडचा

धागाकर्त्याचा एकच संस्था हा आग्रह मला धोक्याचा वाटतो, आणि त्यावर कुणी बोललेलं नाही.

मी मोठ्या शहराला लागून असलेल्या लहान गावात राहतो. आमच्या नगरपालिकेच्या ताब्यातली बससेवा मोडकी आहे, पण तक्रार घेऊन कुणाच्या दारात जायचं ते तरी माहीत आहे. सगळं एका प्राधिकरणात गेलं की टेबलावर शहराची माणसं जास्त, पैसा शहराचा जास्त आणि पहिली नवी बसही शहराला. आमच्याकडे शहराने टाकून दिलेल्या. विलीनीकरण म्हणजे एकत्र येणं असं सांगतात, पण लहान्याच्या वाट्याला फक्त पाटी बदलणं येतं. तुमच्या ९:५५ च्या बसची वेळ बदलायला उद्या तुम्हाला साठ किलोमीटर लांबच्या कार्यालयात अर्ज द्यावा लागेल, आणि तिथल्या माणसाने तुमचं स्थानक बघितलेलं नसेल.

जंक्शनवाला

हा आक्षेप वजनदार आहे. पण मी एक कंपनी म्हणत नाही, एक वेळापत्रक म्हणतोय.

झुरिकचा वाहतूक संघ १९९० मध्ये सुरू झाला. त्यात बस-ट्राम चालवणाऱ्या वेगवेगळ्या संस्था आपापल्या जागी आहेत. तोट्याचा निम्मा भार प्रांताचं सरकार उचलतं, निम्मा नगरपालिका. पैसा घालतात म्हणून त्यांचं म्हणणं ऐकावं लागतं. वेळापत्रकाचा मसुदा लोकांपुढे ठेवतात आणि गावं त्यावर आपल्या मागण्या लेखी देतात. आपल्याकडे हरकती-सूचना मागवतात त्या विकास आराखड्यावर, वीस वर्षांतून एकदा. वेळापत्रकावर का नाही? नव्या वेळा लागू व्हायच्या तीन महिने आधी त्या स्थानकावर लावा, लोक दोन दिवसांत चुका शोधून देतील. पाच मिनिटांचा घोळ शोधायला सल्लागार लागत नाही, रोज पूल उतरणारा माणूस पुरतो.

वेशीपलीकडचा

निम्मा भार उचलायचा म्हणता, तर आमच्या नगरपालिकेकडे तो आहे कुठे? फ्रान्समध्ये १९७१ पासून पॅरिस भागातल्या मालकांवर वाहतुकीसाठी वेगळा कर आहे, नंतर तो इतर शहरांतही आला. पगाराच्या बेरजेवर आकारतात आणि पैसा थेट सार्वजनिक वाहतुकीला जातो. कामगार वेळेवर पोचण्याचा फायदा मालकाला होतो, तर त्याने भरावा, हा त्यामागचा विचार. असं काही स्वतःच्या हक्काचं उत्पन्न आधी द्या, मग वाट्याचं बोला. नाहीतर तुमचं झुरिक आमच्यासाठी नुसतं पत्रक.

सरळ रस्ता

आणखी कर! वाटलंच होतं.

आगारातून

करावर तुम्ही भांडा. मला धागाकर्त्याला एक विचारायचं आहे, कारण मेळ घालणारे लोक इथेच अडकतात. गाडी आठ मिनिटं उशिरा आली. बाहेर बस उभी, तिच्यात पुढच्या थांब्यांवर उतरणारी तीस माणसं बसलेली. गाडीतून उतरून त्या बसला येणारी असतील सहा. बस थांबवायची की सोडायची? थांबवली तर तीस माणसांची आठ मिनिटं गेली, शिवाय पुढच्या थांब्यांवर ताटकळणारे वेगळेच. आणि तिच्या परतीच्या फेरीचा बट्ट्याबोळ. सोडली तर तुमचा मेळ गेला. हा निर्णय रात्री दहा वाजता कोण घेणार? चालक घेणार नाही, कारण उशिराचा मेमो त्याच्या नावावर निघतो.

जंक्शनवाला

नियम आधीच लिहून ठेवायचा. दिवसभर बसने दोन-तीन मिनिटांपलीकडे थांबू नये, पुढची बस आहे. शेवटची फेरी मात्र गाडी आल्याशिवाय सुटणार नाही, पंधरा मिनिटांच्या मर्यादेत. त्याहून जास्त उशीर झाला तर माणसांना घरी पोचवण्याची जबाबदारी, गाडीची सोय आणि खर्चासकट, वेळापत्रक ठरवणाऱ्या संस्थेची. नियम थांब्यावर लावलेला असावा, म्हणजे बसमधल्या तीस जणांनाही आपण का थांबलोय ते कळेल.

आगारातून

लिहायला सोपं आहे. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने (तो नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहितेत गेला) चालकाचे दिवसाला आठ तास ठरले होते, आणि विश्रांतीसकट ड्युटीचा पसारा बारा तास. शेवटच्या फेरीचा चालक आधीच त्या काठावर असतो. रोज पंधरा मिनिटं राखीव धरायची तर त्याची ड्युटी दुपारी उशिरा सुरू करावी लागेल, म्हणजे दुपारच्या एका फेरीला दुसरा माणूस लागेल. मान्य असेल तर तुमच्या सूचनेत हे पण लिहा: शेवटच्या फेरीसाठी वेगळी ड्युटी, तिचा खर्च अमुक खात्यातून, आणि टोकाच्या थांब्यावर चालक-वाहकासाठी स्वच्छतागृह. हसू नका. दहा मिनिटांचा थांबा कागदावर असतो आणि तिथे साधी मोरी नसते, म्हणून चालक आधीच्या चौकात बस उभी करतो आणि तुमचा मेळ तिथेच चुकतो. बाई वाहक असेल तर काय करते, ते विचारूच नका.

शेवटचा थांबा

आमच्या टोकाला अशी खोली बांधायला ग्रामपंचायत जागा देईल, मी बोलते सरपंचांशी. पाण्याची टाकी आहेच शेजारी. जंक्शनवाला दादा, हरकतीचा मसुदा इथे टाका, आमच्या इथल्या सह्या मी गोळा करते. शेवटच्या फेरीचं कलम पहिलं हवं.

जंक्शनवाला

टाकतो. शेवटची फेरी, वेगळी ड्युटी, टोकाचं स्वच्छतागृह आणि वेळापत्रकाचा मसुदा तीन महिने आधी. चारच कलमं, एका पानात. रूळ, पूल, रेघा यावर एक ओळही नको.

आकडेमोड

मी पहिल्या कलमावर सही करणार नाही. कोणत्या मार्गांची शेवटची फेरी आणि त्यासाठी गर्दीच्या मार्गावरच्या किती फेऱ्या कमी करणार, हा आकडा मसुद्यात येईपर्यंत नाही. बाकीच्या तिन्हीवर करतो. स्वच्छतागृहावर तर दोनदा करतो.